दोन मोजे

५ ऑक्टोबर

टिल्लू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी पायांचं बोल. तू म्हणे गोदीवर कापडी बूट घालून काम करतोस आणि ओल लागू नये म्हणून वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतोस. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. बरं, सांगूनच टाकते, नाहीतर उगाच भलत्याच माणसावर संशय घेशील. तुमच्याकडून मासळी घेऊन येणारा तो जाडा ट्रकवाला परवा दुकानात टाच ठोकून घ्यायला आला होता. तो तुमच्याच गोदीवर माल भरतो हे कळल्यावर मी तुझी चौकशी केली. "तो उंच पोरगा ना," म्हणाला, "बर्फ पडलं तरी कापडी बुटातच असतो. आम्ही त्याला पिशवीवाला म्हणतो." आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

तुझे दादा समोरच बसले होते. मान वर केली नाही त्यांनी, टाच ठोकत राहिले, पण खिळा वाकडा गेला. मी या घरात आले तेव्हा तू दप्तर फेकून खेळायला पळायचास, तेव्हापासून आजवर ह्यांचा खिळा वाकडा गेलेला मी पाहिला नव्हता.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय. ह्यांना त्यातलं काही ठाऊक नाही.

आता मला सरळ सांग, ह्यांनी तुला शिवून दिलेले बूट कुठे आहेत? तू जायचं म्हणालास तेव्हा या घरात काय काय बोललं गेलं ते मी पुन्हा उगाळत नाही. तू म्हणालास, हाताने शिवलेल्या बुटांचे दिवस संपले, मला या दुकानात कुजायचं नाही. हे म्हणाले, गेलास तर परत उंबरा चढू नकोस. दोघांच्याही जिभेला हाड नाही. पण तेवढं बोलून झाल्यावर ह्यांनी गिऱ्हाइकांचं सगळं काम बाजूला सारलं आणि तुझे बूट शिवायला घेतले. जपून ठेवलेलं ते तांबूस चामडं, जे कुणालाच दाखवायचे नाहीत, ते तुझ्या बुटांना लावलं. तू निघालास तेव्हा दारात ठेवले आणि तोंडाने एवढंच म्हणाले, "थंडी वाजली तर दोन मोजे घाल." त्यानंतर तुम्ही दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेला नाहीत. दुकानातून फोन केला की तू उचलत नाहीस. मला तेवढी दोन ओळींची चिठ्ठी पाठवतोस, तीही मी दहा वेळा लिहिल्यावर.

आणि आता कळतंय की ते बूट तू घालतही नाहीस. ह्यांना वाटतंय, तू ते रागाने फेकून दिलेस. तसं म्हणाले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, "पाय त्याचे आहेत." आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

तुझ्याकडचा हिवाळा तोंडावर आलाय. काय आहे ते लिही.

तुझी वहिनी
(आशीर्वाद आहेतच.)

२१ ऑक्टोबर

टिल्लू,

तुझी चिठ्ठी पोचली. "बूट छान आहेत, जपून ठेवलेत. कापडी बूट कामाला हलके पडतात. पाय ठीक आहेत. दादांना नमस्कार. पाय अगदी ठीक आहेत, काळजी नको." वा. पायांचं मी एकदाच विचारलं होतं, तू दोनदा उत्तर दिलंस. आणि बूट काय जपून ठेवायची वस्तू आहे? कपाटात ठेवून त्यांना ऊब द्यायचीय का तुला?

हो, चिठ्ठी ह्यांनी वाचली. मी टेबलावर ठेवली होती, ती त्यांनी वाचली, आणि परत होती तशीच ठेवली, फक्त उलटी.

मग मी एक उद्योग केला. आपल्या दुकानासमोर ते काचेचं बुटांचं दुकान झालंय ना, तू असतानाच त्याचं बांधकाम चाललं होतं, त्यात गेले. ह्यांनी तिथे अजून पाऊल टाकलेलं नाही आणि मीही टाकू नये असा ह्यांचा अलिखित कायदा आहे. पण मी म्हटलं, आपल्या शहरात हिवाळा म्हणजे सकाळची चार घटका शाल. बर्फातल्या बुटांचं आपल्याला काय कळतं? तिथे एक चष्मेवाली विक्रेती आहे, पूर्वी कुठेतरी थंड मुलखात नोकरीला होती. तिला मी तुझं सगळं सांगितलं. तिने दुकान रिकामं होतं म्हणून की काय, मला बसवून नीट समजावलं. ते तसंच्या तसं लिहिते, वाच आणि तुझ्या डोक्यात राहू दे.

बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, कारण दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असतो. जो जाड मोजा घालणार तोच घालून बूट घालून बघायचा. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. ओल्या जागी काम असेल तर खालचा भाग रबराचा हवा, शिवणीतून पाणी शिरतंच, कितीही मेण लावा. तळ जाड हवा, म्हणजे जमिनीचा गारठा वर चढत नाही. आत लोकरीचं अस्तर असावं आणि ते बाहेर निघणारं असावं, म्हणजे रोज काढून वाळवता येतं. शेगडीला टेकवून वाळवायचं नाही, आत कागद कोंबून ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, असं ती म्हणाली, घट्ट बुटात दोन मोजे कधी घालायचे नाहीत. लोकांना वाटतं दोन म्हणजे दुप्पट ऊब, पण पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि रक्त फिरलं नाही की पाय गारठतो. एकच मोजा, पण चांगल्या लोकरीचा.

घरी येऊन मी हे सगळं ह्यांना ऐकवलं. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिने जन्मात एक तरी टाका घातलाय का?" म्हणाले. तुला ह्यांचं ठाऊकच आहे, बूट कातडीसारखा बसला पाहिजे, आत बोट शिरलं तर तो बूट नाही, खोकं आहे. लोक लांबून येतात ते त्यासाठीच येतात. मी म्हटलं, बरं बाई, तुमचंच खरं. पण थोड्या वेळाने चामडं भिजत घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाले, "जागा म्हणजे किती जागा म्हणाली ती?"

तर आता ठरलंय ते ऐक. हे तुला नवे बूट करून देणार आहेत. मापाची गरज नाही, तुझा कलबूत आहेच. हो, तुझ्या पायाच्या मापाचा तो लाकडी पाय ह्यांनी अजून खिळ्यावरून उतरवलेला नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो हा कुणाचा, आणि हे म्हणतात, "आहे एकाचा." फक्त जुने बूट पाठव. कुठे झिजलेत, कुठे दाबतात ते बघून मग नवे करतील. जपून ठेवलेत म्हणतोस ना, मग पाठवायला काय हरकत आहे?

तुझी वहिनी

९ नोव्हेंबर

टिल्लू,

"वेळ मिळाला की पाठवतो" हे उत्तर मला नको आहे. बूट खोक्यात घालायचे आणि टपालात टाकायचे, याला किती वेळ लागतो? का खरंच फेकलेस? फेकले असतील तर तसं लिही. आमच्या छातीत काय व्हायचं ते होईल, पण हे भिजत घोंगडं एकदाचं संपेल.

आता तुला एक सांगते. पहिलं पत्र मी माझ्या मनाने लिहिलं असं म्हणाले होते, ते खोटं होतं. तो ट्रकवाला गेल्यावर ह्यांनी हातातली हातोडी ठेवली आणि म्हणाले, "त्याला लिही." मी म्हटलं, तुम्ही लिहा. तर म्हणाले, "माझं पत्र तो उघडणार नाही." मग मी लिहायला बसले तेव्हा माझ्या मागे येऊन उभे राहिले, लिहून होईपर्यंत. खिळा वाकडा गेल्याचं लिहिलं तेव्हा "ते कशाला?" म्हणाले, पण खोडायला लावलं नाही.

हल्ली रोज टपालवाल्याची सायकल वाजली की हात पुसून दारात येतात. आपल्याकडे काही नसलं की त्यालाच विचारतात, चाकात हवा बरी आहे ना. तो बिचारा गोंधळतो. मला हे बघवत नाही. तू लांब आहेस, तुला हे दिसत नाही, मला रोज दिसतं, आणि मला तुझा राग येतो. तुमच्या भांडणात मी कुणाची बाजू घेतली नव्हती, आठवतंय ना? आता घेतेय. त्यांची घेतेय.

बूट पाठवले नाहीस तर त्या ट्रकवाल्याच्या शेजारी बसून मी स्वतः येईन. मला गाडी लागते हे तुला माहीत आहे. तरी येईन.

वहिनी

२७ नोव्हेंबर

टिल्लू,

पार्सल आलं.

हे दुपारी गिऱ्हाइकाशी बोलत होते. खोकं बघितल्यावर त्याला म्हणाले, "उद्या या." तो आ वासून बघत राहिला, कारण तो पैसे काढून उभा होता. मग ह्यांनी हात पुसले, दोरी कापली आणि आधी उजवा बूट बाहेर काढला. उलटा केला. तळ झिजलेला, टाच बाहेरच्या बाजूने खाल्लेली, तुझी लहानपणापासूनची चाल. वर मिठाचे पांढरे डाग. टिल्लू, ह्यांचा चेहरा इतका उजळला. बूट माझ्यासमोर धरून म्हणाले, "घातलेत गं त्याने. चांगले झिजवलेत." मी कितीतरी दिवसांनी त्यांना असं बोलताना ऐकलं. मीही हसले. ती दोन-तीन मिनिटं फार चांगली गेली.

मग डावा घेतला. आत हात घातला, नेहमी घालतात तसा, मनगटापर्यंत, आणि हात तिथेच थांबला. मला वाटलं खिळा लागला. त्यांनी हळूहळू आतून काहीतरी ओढून काढलं. मोज्याचा तुकडा होता, कापून, घट्ट गुंडाळून बुटाच्या पुढच्या टोकात, बाहेरच्या अंगाला दाबून बसवलेला. इतके दिवस दाबला गेला होता की दगडासारखा झाला होता. तू बाकी सगळं काढलं असशील पाठवण्याआधी, हा राहिला.

त्यांनी तो टेबलावर ठेवला. दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले. बोटांच्या मुळाशी जिथे पाय वाकतो तिथे उजव्याला आडवी घडी पडली होती. डाव्याला ती अर्ध्यावर येऊन संपत होती. पुढे चामडं कोरं. मला काही कळेना, मी विचारलं, काय झालं? हे उठले, खिळ्यावरून तुझा डावा कलबूत काढला, आणि म्हणाले, "मोजे दे. जाड. दोन."

मी त्यांचेच दिले. त्यांनी कलबुतावर एक चढवला, त्यावर दुसरा चढवला आणि तो बुटात घालायला लागले. जाईना. नाडी पूर्ण सैल केली, तरी जाईना. मग बूट जमिनीवर ठेवून वरून गुडघ्याने दाबला, कपाळावरची शीर फुगेपर्यंत. कलबूत अर्ध्यात अडकला, आतही जाईना, बाहेरही येईना. मग हे तिथेच जमिनीवर बसले. मला ती चष्मेवाली दोन मोज्यांबद्दल काय म्हणाली होती ते आठवलं.

बसल्या बसल्याच म्हणाले, "मी साध्या मोज्याच्या मापाने शिवले होते. दोन मोजे घाल हे मी दारात म्हणालो, शिवताना माझ्या मनात नव्हतं." मी म्हटलं, कशावरून त्याने घातले, तो कुठे तुमचं काही ऐकतो. म्हणाले, "एवढं एक ऐकलं त्याने."

तर आता लपवू नकोस. किती बोटं गेली ते सरळ लिही. आणि "दादांना सांगू नको" असं काही लिहू नकोस, सांगायला उरलेलं काही नाही. मागच्या पत्रात मी तुला रागावले होते. ते मी परत घेते असं नाही, पण मला आता रागावता येत नाही. तू त्या थंडीत एकटा हे सगळं सोसत होतास आणि मी इथून तुला टपालवाल्याच्या गोष्टी सांगत होते.

लवकर लिही.

वहिनी

१४ डिसेंबर

टिल्लू,

पहिल्यांदाच तू पानभर लिहिलंस. मी ह्यांना वाचून दाखवलं. मध्ये एकदा माझा आवाज गेला तेव्हा पत्र त्यांनी हातातून घेतलं आणि पुढचं मनातल्या मनात वाचलं, मग मला परत दिलं.

तीन. डाव्या पायाची बाहेरची तीन. अंगठा आणि त्याच्या शेजारचं राहिलं. पहिल्याच हिवाळ्यात, बूट नवेकोरे असताना, गोदीच्या दवाखान्यात. तू लिहिलंस, पाय सुन्न झाला होता म्हणून दुखलंच नाही, दुखलं असतं तर बूट काढले असते, आणि बूट इतके सुंदर बसले होते की त्यांच्याबद्दल काही वाईट मनात आलंच नाही. दवाखान्यातून आल्यावरही पुढे बोळा घालून तेच घातलेस, पुढच्या थंडीत पाय पुन्हा काळानिळा व्हायला लागला तेव्हा सोडलेस. तू लिहिलंस, दोष थंडीचा, बुटांचा नाही. आणि लिहिलंस की घरी आला असतास तर चाल बघून दादांनी दारातच ओळखलं असतं, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकला असतास तर सांगून बसला असतास, म्हणून दोन्ही टाळलंस. म्हणजे हे इथे समजत होते की तू रागावलायस, आणि तू तिथे त्यांना जपत होतास. काय म्हणू तुम्हा दोघांना. मी तोंडावर पदर घेऊन रडले, एवढंच सांगते.

ह्यांनी एकच विचारलं, "बोटं मुळापासून गेली का थोडी राहिली, ते लिहिलंय का?" मी म्हटलं, मुळापासून. मग त्यांनी कलबूत बुटातून सोडवला. बूट कापावा लागला त्यासाठी. ते तांबूस चामडं रापीने त्यांनी स्वतः उभं चिरलं. मग पेन्सिलीने कलबुतावर एक रेघ मारली, पुन्हा पुसली, पुन्हा मारली. करवत लावली आणि बाहेरचा कोपरा कापला. पडलेला तुकडा उचलून खिशात घातला. तो अजून त्यांच्या खिशात आहे, कपडे धुताना मी काढून ठेवते आणि ते पुन्हा घालतात.

मला वाटलं, आता नवे बूट शिवायला बसतील. नाही बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बघ, संध्याकाळीच, कापलेला कलबूत पिशवीत घालून मला म्हणाले, "चल, त्या बाईकडे." रस्ता ओलांडून आम्ही काचेच्या दुकानात गेलो. ह्यांनी दारात पाय पुसले. त्या चष्मेवालीने ओळखलं, समोर बसतात म्हणून. ह्यांनी कलबूत काउंटरवर ठेवला, त्यावर जाड मोजा चढवला, एकच, आणि म्हणाले, "याच्या मापाचे द्या. ओल्यात उभं राहायचं काम आहे." तिने त्या कापलेल्या कोपऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. जेवढे प्रकार होते तेवढे आणले. ह्यांनी प्रत्येकात हात घातला, शिवण बघितली, अस्तर काढून परत घातलं. एकालाही नाव ठेवलं नाही. मला तेच सोसवेना. मी मनात म्हणत होते, काहीतरी वाकडं बोला, निदान टाचेला तरी नावं ठेवा.

ते बूट या पार्सलात आहेत. खाली रबर, आत लोकरीचं अस्तर, रोज काढून वाळव. कारखान्यात झालेले आहेत, ह्यांचा त्यात एक टाका नाही. फक्त डाव्या बुटात पुढे एक गादी आहे, लोकर आणि मऊ चामड्याची, राहिलेली जागा भरायला. ती ह्यांनी केली. पाच-सहा वेळा केली आणि उसवली. तू मोज्याचा बोळा घालायचास, त्याच्याऐवजी आता ही आहे. सोबत मोज्यांची एकच जोडी आहे, मी विणलेली. डावा बाहेरच्या अंगाला कमी केलाय, अदलाबदल करू नकोस.

दुकान चालू आहे, पण ह्यांनी नवं माप घेणं बंद केलंय. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, समोर जा. स्वतः टाचा ठोकतात, नाड्या बदलतात. तुझा उजवा कलबूत खिळ्यावर आहे. डावा ते टेबलावर ठेवतात.

तू ये असं मी लिहीत नाही. ते ह्यांनी लिहायला हवं. मी इथपर्यंत लिहून पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि पेन दिलं. "काय लिहू?" म्हणाले. मी म्हटलं, मला काय विचारता. खालचं अक्षर त्यांचं आहे.

वहिनी

टिल्लू,

मोजा एकच घाल. बोटं आत हलतात का ते कळव. राहिलेली.

दादा